दगड खाणाऱ्या शेळ्या

दिगंबरदादांची एक खोड होती. कुणाच्याही दारात गेले आणि घरच्या बाईनं तांब्या पुढं केला, की तो हातात घ्यायच्या आधी विचारायचे, "हे पाणी कुठल्या विहिरीचं?"

आता तुम्हीच सांगा, देवळाच्या पूजेच्या घरचा माणूस आमच्यासारख्यांच्या दारात येऊन असं विचारतो म्हटल्यावर आम्ही काय समजायचं? आम्ही मेंढरंवाले धनगर. मेंढरं कोंडायचा आमचा काट्यांचा वाडा त्यांच्या परसाला लागूनच होता. गावात राहायला आले त्या आठवड्यात ते शेजारधर्म म्हणून आमच्याकडं आले, मी घासलेल्या तांब्यात पाणी दिलं, आणि त्यांनी तो सवाल केला. माझी सासू, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो, दारात लोकर निवडत बसली होती. ती काही सोडणारी नव्हती.

"धनगराच्या हिरीचं हाय, दादा. चालत न्हाई का तुमाला?"

कुणी थोबाडीत द्यावी तसं दादांचं तोंड झालं. "तसं नाही हो आत्या," एवढंच म्हणाले. पाणी प्याले, अख्खा तांब्या प्याले, आणि खाली मान घालून गेले. पण व्हायचं ते झालं. गावभर बोलणं पसरलं, की साहेब झाला, मुलूख बघून आला, पण सोवळं काही सुटलं नाही. दादांच्या कानावर ते जात होतं. त्यांनी एकदाही कुणाला सांगितलं नाही, की बाबांनो, तसं नाही. माणूस खोटा ठरत असला तर तोंड उघडतो. हा उघडत नाही म्हणजे खरंच असणार, असं आम्हाला वाटायचं.

आमचं गाव हट्टा. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता, हिंगोली मागून झाला. दादांचा थोरला भाऊ देवळाची पूजा करायचा आणि धाकटे दादा शिकायला म्हणून बाहेर पडले ते केमिस्ट झाले. पार तिकडं, हिंदी बोलणाऱ्या डोंगरी मुलखात, तांब्याच्या एका खाणीत नोकरीला होते. केस पुरते पांढरे व्हायच्या आधीच नोकरी सोडून परत आले. काहून सोडली, ते कुणाला ठाऊक नव्हतं. सामानाचा टेम्पो वसमतहून आला तेव्हा आम्ही सगळ्या बाया बघायला उभ्या. वाटलं, साहेबाचं सामान, कपाटं असतील, सोफा असेल. तर निघाली पोती. आणि पोत्यांत दगड!

पोती उतरवणारा गडी म्हणाला, "दादा, आपल्या रानात दगडं कमी पडली का?"

दादांच्या मंडळी सुमनवहिनी. गोऱ्या, ठेंगण्या, आणि जिभेला धार. त्या पायरीवरून म्हणाल्या, "लोक बायकोला साडी आणतात बाबा. आमच्या ह्यांनी खडी आणली."

त्या खडीचं दादांनी काय केलं? परसात विटांवर मोठाले मातीचे रांजण मांडले. त्यात ते दगड फोडून भरले. प्रत्येक रांजणाच्या बुडाला भोक, भोकाखाली प्लॅस्टिकचा टब. आणि एका कॅनमध्ये तिकडून आणलेलं तांबूस, घाण दिसणारं पाणी होतं, ते जपून, अगदी तुपासारखं जपून, थोडंथोडं वर ओतलं. ते पाणी दगडांतून झिरपायचं, टबात पडायचं. रोज सकाळी दादा तेच पाणी मगानं उचलून परत वर घालायचे. वहिनी म्हणायच्या, "देवाच्या डोक्यावर पाणी नाही, दगडांना मात्र रोज अंघोळ."

महिने गेले. टबातलं पाणी मोरचुदाच्या पाण्यासारखं निळंहिरवं होऊ लागलं. मी शेळ्यांमागं जाता-येता कुपावरून बघायची. एकदा राहवलं नाही.

"दादा, हे काय करून राहिले तुमी?"

त्यांना कुणी विचारलं की असा आनंद व्हायचा! म्हणाले, "कौसाबाई, ह्या दगडात तांबं आहे, पण इतकं कमी, की भट्टीला परवडत नाही. खाणवाले असा दगड फेकून देतात. पण ह्या पाण्यात जंतू आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत. ते दगडातलं लोखंड न् गंधक खाऊन जगतात, आणि त्यांच्या खाण्यात तांबं सुटं होऊन पाण्यात उतरतं. धूर नाही, आग नाही. दुधाला विरजण लावतो ना, तसं दगडाला लावायचं."

मी म्हटलं, "म्हंजे शेळीच की वो. शेळी बी काटं खाती आन् दूध देती."

दादा खुदकन हसले. त्या दिवसापासून त्या जंतूंचं नावच शेळ्या पडलं. थंडी पडली की म्हणायचे, "आज माझ्या शेळ्या गारठल्या, चरत नाहीत." उन्हाळ्यात रांजणांवर ओलं पोतं टाकायचे आणि वहिनींना म्हणायचे, "अहो, शेळ्यांना ऊन लागतंय." वहिनी म्हणायच्या, "मलाही लागतंय. माझ्यावर टाका पोतं."

मग त्यांनी मला एक गंमत दाखवली. निळ्या पाण्यात गंजका खिळा टाकला. थोड्या वेळानं काढला तर वरून लालभडक तांबं! लोखंड पाण्यात विरघळतं आणि त्याच्या जागी पाण्यातलं तांबं बसतं, असं काहीतरी म्हणाले. मी खिळा हातात घेऊन बघत बसले. दादा मात्र खिळ्याकडं बघत नव्हते. त्यांचं सगळं ध्यान खाली. रांजणांच्या खाली त्यांनी आधी चिकणमाती चोपून बसवली होती, तिच्यावर जाड ताडपत्री अंथरली होती. दर आठ-पंधरा दिवसांनी ती ताडपत्री उचलायची, कडेला बोटभर माती उकरायची, नाकाशी न्यायची, ओली करून तिला आंबट लागलं की रंग पालटणारी कागदाची पट्टी लावायची. पोरं हसायची, "दादा माती हुंगून राहिले!" सभोवती बाभळीचे काटे लावले होते, शेळी तोंड घालू नये म्हणून. तांबं किती निघालं हे त्यांना कधी बघावंसं वाटलं नाही. खाली थेंब गेला का, एवढंच. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असायचं. "धूर दिसतो, म्हणून माणसं ओरडतात. पाणी गुपचूप जातं."

असं चालू होतं. आणि मग आमच्या आत्याबाईनं घोळ घातला.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. विळा, कुऱ्हाड, कोयता, आणि आम्हा धनगरांची लोकर कातरायची कातर, सगळं धुऊन बिरोबापुढं मांडायचं. माझ्या सासऱ्यांची एक जुनी कातर होती, पात्याला चीर गेलेली. आत्याबाईनं ती घटस्थापनेच्या सुमारास गुपचूप काट्यांतून हात घालून दादांच्या टबात सोडली. खिळ्याची गंमत तिनं माझ्याकडून ऐकली होती. नवमीच्या सकाळी काढली तर कातर लाल झालेली. आता आमच्यात लोखंड म्हणजे शनीचं, आणि तांबं देवाचं. आत्याबाई ती कातर डोक्यावर घेऊन गल्लीनं निघाली.

"माझ्या मालकाची कातर सोन्यावाणी झाली गं! दादाच्या रांजणात देव उतरला!"

घटकाभरात दादांचं परस बायांनी भरलं. कुणी खुरपं आणलं, कुणी अडकित्ता, कुणी बैलाचा नाल. काटे बाजूला सारले. रांजणाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. दादा तेव्हा घरात अंघोळीला गेले होते. माझी लेक बाळंतपणाला आलेली, तिचं तान्हं आत्याबाईच्या कडेवर. आत्याबाईनं टबातलं निळं पाणी तळहातावर घेतलं, म्हणाली, "तीर्थ हाय, एक थेंब लेकराच्या व्हटाला लावते."

मी शेजारीच होते. खोटं कशाला सांगू, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि दादा आले. अंगावर ओला पंचा, साबण तसाच. आत्याबाईच्या हातावर त्यांनी असा फटका मारला की पाणी उडून गेलं. लेकरू किंचाळलं. मग दादांनी पाय उचलला आणि कुंकू लावलेल्या त्या रांजणाला लाथ घातली. रांजण ताडपत्रीबाहेर जाऊन फुटला. पुढच्याला धक्का लागला, तोही आडवा, खालचे टबही कलंडले. निळं पाणी काळ्या मातीत शिरलं.

बाया मागं सरकल्या. नवमीच्या दिवशी, कुंकवाला लाथ!

दादा म्हणाले, "विष आहे ते. विष."

 आत्याबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, "इख हाय तं घरात काहून ठिवलं? लेकराबाळाच्या गावात काहून ठिवलं?"

 दादा तिथंच चिखलात खाली बसले, आणि बाया थुंकून निघून गेल्या.

दुपारी मी परत गेले. लेकराच्या ओठाला थेंब लागला असला तर काय होईल, ते विचारायला, भांडायलाच म्हणा ना. तर दादा लाकडी फावड्यानं माती खरवडून पोत्यात भरत होते. चुना पसरत होते. हात फाटलेले. मी म्हटलं, थांबा, घमेलं आणते. म्हणाले, "लोखंडी नको, प्लॅस्टिकचं आणा." लेकराला काही झालं नसेल, हे त्यांनी मला चार-चारदा सांगितलं, आणि तरी पुन्हा विचारलं, "दूध प्यालं ना? ओकलं नाही ना?"

"न्हाई ओकलं. पर दादा, तुमी येवढे भ्याले काहून?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. माझ्याकडं न बघता, माती भरत भरत.

"खाणीखाली एक गाव होतं. भट्टीचा धूर त्यांच्या पिकांवर बसायचा. मीच वरच्यांच्या मागं लागलो, की भट्टी कमी करू, जंतूंची रीत आणू. हलका दगड ढिगानं रचायचा, वरून पाणी सोडायचं, खाली गोळा करायचं. मी त्या गावात घरोघर गेलो, कौसाबाई. म्हटलं, धूर नाही, आग नाही, नुसतं पाणी. त्यांनी माझा शब्द मानला. ढिगाखाली चिकणमाती न् प्लॅस्टिकचा जाड कागद हवा, हेही मीच सांगितलं होतं. पण पावसाळा तोंडावर आला, कागद आला नाही. वरून घाई. मला विचारलं, खालचा मुरूम घट्ट आहे ना? मी पाय आपटून बघितला आणि म्हणालो, आहे."

"पाय आपटून?"

"पाय आपटून. एवढा शिकलो, आणि पाय आपटून बघितला."

मग पावसाळ्यानंतर त्या गावातली एक बाई, फूलमती नावाची, पळत त्यांच्याकडं आली. विहिरीवरचा तिचा लोखंडी पोहरा आतून तांब्याचा झाला होता. तिला वाटलं, देवी आली. गावानं पोहऱ्याला हार घातला, शेंदूर लावला. दादांना मानानं बोलावलं, कारण डोंगरात पाणी खेळवणारा साहेब हाच. दादांनी पोहरा बघितला आणि त्यांना कळलं, की ढिगाचं पाणी विहिरीत उतरलं.

"आणि मग?"

"फूलमतीनं त्या पोहऱ्यातून ओंजळीत पाणी दिलं. सगळं गाव बघत होतं. बरोबर खाणीचे लोक होते. मी प्यालो."

"प्याले?"

"प्यालो. आंबट-तुरट होतं. हात जोडले आणि निघून आलो. नंतर वर भांडलो, ढीग बंद करायला लावला, गावाला टँकर सुरू करायला लावला. सांगितलं काय, तर उन्हाळ्याची सोय. खरं कारण त्या लोकांना कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. नोकरी सोडली आणि इकडं आलो. खाली नीट अस्तर घातलं तर थेंब जात नाही, हे बघायला रांजण मांडले. म्हणजे काय, तेव्हा माझी रीत खोटी नव्हती, मी खोटा होतो, एवढं तरी कळेल."

फावडं थांबलं. "तेव्हापासून कुठलंही पाणी पुढं आलं की तोंडातून आधी तेच निघतं, कुठल्या विहिरीचं."

"आवं, मग आत्याबाईला तसं सांगायचं न्हाई का? सारं गाव तुमाला सोवळ्याचा म्हणून राहिलं!"

"म्हणू दे. खरं कारण त्याहून घाण आहे."

मी मेंढरामागं फिरणारी बाई. अक्षरं शिकले ती लेकरांच्या पुस्तकांवरून, पुड्यांच्या कागदांवरून. मला काय सुचणार? मी म्हटलं, "मला सांगून काय फायदा, दादा? तितं जाऊन सांगा."

दिवाळीनंतर ते गेले. एकटेच. आठवड्यानं आले तर खांद्यावर नवी शाल आणि पिशवीत नारळ. मी वहिनींकडं ताक द्यायला गेले होते. वहिनींनी ती शाल दोन बोटांत धरून मला दाखवली. "सत्कार झाला म्हणे."

दादा भिंतीकडं तोंड करून बसलेले.

"बोलले का, दादा?"

"हार घातला त्यांनी. गळ्यात हार असताना कसं बोलायचं?"

वहिनी म्हणाल्या, "हार काढून बोलायचं."

हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. विहिरीपाशी आता देवळी बांधली होती. तिच्यात तो पोहरा. टँकर केव्हाच बंद पडला होता. दुसऱ्या गावाहून नळ आला होता, पिण्याचं पाणी त्याचंच. पण विहिरीचं पाणी रोज त्या पोहऱ्यात भरायचे आणि तीर्थ म्हणून वाटायचे. दादांनी लपून खिशातली कागदाची पट्टी त्यात भिजवली होती. अजून आंबट. आणि सत्कार झाल्यावर एक बाळंतीण आली होती, तिच्या लेकराच्या जिभेला फूलमतीनं त्यांच्यादेखत थेंब लावला होता.

हे शेवटचं दादा बोलले तेव्हा वहिनी पोळी लाटत होत्या. लाटणं हातातच राहिलं.

"तुमच्यादेखत? आणि तुम्ही शाल घेऊन आलात?"

वहिनींची जीभ मी कितीदा ऐकली होती, पण त्या दिवशी तिला धार नव्हती. त्या इतक्या हळू बोलल्या, की मलाच तिथं उभं राहायची लाज वाटली. ताकाची चरवी तिथंच ठेवून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोघं पिशव्या घेऊन फाट्याकडं निघालेले. मी मेंढरं घेऊन त्याच वाटेनं. वहिनी पुढं, दादा मागं, शाळेत न जाणारं पोरगं ओढून न्यावं तसे.

"कुनीकडं, वहिनी?"

"शाल-नारळ देतात ना, त्या ह्यांच्या सासुरवाडीला," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी दोन शब्द बोलायचे राहिलेत तिथं. हे नाही बोलले तर मी बोलेन. माझं हिंदी वाईट आहे, पण विषाला विष म्हणण्यापुरतं येतं."

दादा कसनुसं हसले. वसमतची बस आली, चढले.

पुढं थोड्याच महिन्यांत ती दोघं नांदेडला लेकीकडं राहायला गेली. दादा तिकडंच वारले, मला कळलं तेही उशिरा. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं दादा उभे राहतात ते त्या खेपेहून परतले त्या दिवशीचे. भर दुपार होती. मेंढरं फाट्यावरच्या लिंबाखाली बसवून मी भाकर सोडली होती. बस थांबली, दोघं उतरली. खांद्यावर शाल नव्हती. वहिनी रुमालानं तोंड पुसत बाजूला सावलीत जाऊन बसल्या. दादा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सांगितलं," म्हणाले.

"समद्या गावाला?"

"फूलमतीला आधी. तिच्या अंगणात. मग जमले तेवढ्यांना. सगळं सांगितलं, मुरूम, पाय आपटला तेही. देवीनं नाही, मी केलं म्हणालो."

"मग? काय म्हनली ती?"

दादांनी तिचेच शब्द सांगितले, तिच्याच बोलीत. "'तुम पिए थे, साहब. तुम पिए, तब न हम पिए.'"

मला हिंदी फारसं येत नाही. पण हे कळायला काही लागत नाही.

"मी प्यालो ते लाजेनं प्यालो, कौसाबाई. मला वाटलं, निदान त्यांचं पाणी मीही प्यालो, तेवढी तरी शिक्षा झाली. आणि त्यांनी काय धरलं? साहेब शिकलेला आहे, साहेब प्याला, म्हणजे चांगलंच असणार. टँकर आला तरी ती माणसं लेकरांना हेच पाजत राहिली. साहेब पिऊन गेलाय म्हणून."

"शिव्या दिल्या का?"

"नाही. फूलमतीनं विहिरीवरच्या देवळीतून पोहरा आणला आणि अंगणात पालथा घातला. मग ज्यांच्या घरी लेकरं होती, त्या बायांकडं बघत बसली. माझ्याकडं परत बघितलंच नाही. मला बसा म्हटलं नाही. मी अंगणात उन्हात उभा होतो, कुणी म्हणजे कुणी बसा म्हटलं नाही. बस यायच्या वेळेला सुमननं हात धरून मला बाहेर आणलं."

लिंबाच्या पारावर आमच्या गावातली माणसं बसलेली होती. त्यांना यातलं काय ठाऊक? नवमीचा राग जुना झाला होता, आणि काही झालं तरी दादा म्हणजे देवळाच्या घरचे, वयानं मोठे. दोघं-तिघं उठले, पार झटकून त्यांनी जागा केली.

"या दादा, सावलीला या. बसा."

दादांनी त्यांना हात जोडले. "नको," म्हणाले. "उभाच बराय मी."

आणि सावली सोडून, सडकेच्या कडेला, उन्हात उभे राहिले. घराकडं जाणारा टमटम यायला बराच वेळ लागला. वहिनींनी त्यांना एकदाही बोलावलं नाही. थोड्या वेळानं त्याही उठल्या आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.